बियाण्यात उतरलेले पेटंट: बीटी कपाशीच्या परवाना-वादाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणाचे कागद सार्वजनिक आहेत आणि दोन्ही बाजूंची नावे निकालपत्रांत छापलेली आहेत. तरीही इथे ती घेतलेली नाहीत. बीटी कपाशी म्हटले की चर्चा लगेच कंपनीच्या नावावर घसरते, मग कोणी काय ठरवले आणि का ठरवले हे मागे पडते. म्हणून जनुकाची मालक असलेली परदेशी कंपनी ती ‘तंत्रज्ञान कंपनी’. जालन्यात वाढलेल्या एका बियाणे उद्योगाबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी करून तिने भारतात उभी केलेली संस्था ती ‘परवाना कंपनी’. आणि त्यांच्याकडून जनुक घेऊन संकरित सरकी विकणारी हैदराबादची मोठी कंपनी ती ‘बियाणे कंपनी’. कपाशी पेरणारा शेतकरी खटल्यात पक्षकार नव्हता, पण पाकिटाचा पैसा त्याच्याच खिशातून जात होता.

पार्श्वभूमी

अळी बोंडात शिरली की वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी बहुतेक कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली होती आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातला शेतकरी औषधाच्या उधारीत बुडत होता. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी, हा मातीत राहणारा जीवाणू. त्याचे एक प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, आतड्याच्या अस्तराला भोके पाडते आणि अळी मरते. हे प्रथिन बनवणारे जनुक कपाशीतच घातले तर पऱ्हाटी स्वतःच अळीशी लढते.

26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने Cry1Ac हे एक जनुक असलेल्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. 2006 मध्ये Cry1Ac आणि Cry2Ab अशी दोन जनुके असलेली दुसरी पिढी आली. बाजारात तिला सगळे ‘बीजी-टू’ म्हणतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते. पहिल्या पिढीच्या जनुकावर भारतात पेटंट कधीच नव्हते. दुसऱ्या पिढीतल्या Cry2Ab चा अर्ज नोव्हेंबर 1999 मध्ये दाखल झाला आणि पेटंट क्रमांक 214436 मिळाले ते 20 फेब्रुवारी 2008 रोजी. रॉयल्टीची वसुली मात्र 2002 पासूनच सुरू होती. म्हणजे सुरुवातीची सहा वर्षे कंपनीच्या हातात पेटंट नव्हते. होते ते दोन: जनुक असलेले मूळ बियाणे आणि जैवसुरक्षेच्या चाचण्या पार करून मिळवलेली सरकारी परवानगी. दुसऱ्या कोणाला स्वतःचे जनुक आणायचे तर त्याच चाचण्या पुन्हा कराव्या लागत. 2006 मध्ये दोघांनी तसे केलेही: एकाने आयआयटी खरगपूरमध्ये विकसित झालेले जनुक आणले, औरंगाबादच्या एका कंपनीने चीनमधून जनुक आणले. बाजार मात्र दुहेरी जनुकाकडेच वळला. परवाना कंपनीचा जोर करारातून आणि या परवानगीतून आला होता, पेटंट त्यात उशिरा सामील झाले. पुढचा सगळा वाद वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते.

पेटंटमध्ये एकूण 27 क्लेम, म्हणजे कशावर हक्क मागितला ते सांगणारी कलमे, होती. पहिले 24 पद्धतीचे. शेवटचे तीन, 25 ते 27, न्यूक्लिक आम्लाच्या क्रमाचे: Cry2Ab प्रथिनाचा आराखडा, त्याला पेशीतल्या लवकाकडे पोचवणारा एक तुकडा आणि हे सगळे वाचायला सुरुवात करून देणारा प्रवर्तक, अशी माणसाने जोडलेली साखळी. रोपावर किंवा बियाण्यावर क्लेम नव्हता, कारण आपला पेटंट कायदा तो देत नाही. कलम 3(जे) सांगते की सूक्ष्मजीव वगळता वनस्पती आणि प्राणी, पूर्ण किंवा त्यांचा कोणताही भाग, त्यात बियाणे, वाण, प्रजाती आणि त्यांच्या निर्मितीच्या मूलतः जैविक प्रक्रिया, यांना पेटंट नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे चाले ते पाहू. परवाना कंपनी बियाणे कंपनीला जनुक असलेले थोडे दाता बियाणे देई. बियाणे कंपनी आपल्या चांगल्या वाणाशी त्याचा संकर करी, मग पिढ्यान्‌पिढ्या मूळ वाणाशीच पुन्हा संकर करून जनुक तेवढे ठेवून बाकीचे गुण आपल्या वाणाचे आणी. त्यानंतर दोन पालक वाण शेजारी लावून, मजुरांच्या हाताने फुलांतले पुंकेसर काढून, संकरित सरकी तयार होई. प्रयोगशाळेत घातलेले जनुक शेतात परागकणांतूनच पुढे जात होते. इथे मूळ शोध कुठे संपतो आणि निसर्गाचे काम कुठे सुरू होते? खटल्याचा खरा गाभा हा होता.

वाद कुठे सुरू झाला

2004 मध्ये दहा वर्षांचा करार झाला. बियाणे कंपनीने सुरुवातीला 50 लाख रुपये द्यायचे आणि पुढे विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे ‘ट्रेट व्हॅल्यू’, म्हणजे त्या गुणधर्माची किंमत, थोडक्यात रॉयल्टी. पाकीट 450 ग्रॅमचे, साधारण एकरभर पेरणीचे.

2006 च्या सुमारास या पाकिटाची किंमत 1,600 रुपयांच्या वर होती आणि त्यातले 1,250 रुपये ट्रेट व्हॅल्यूचे होते. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले आणि त्याच वर्षी राज्याने पाकिटाची कमाल किंमत 750 रुपये ठरवली. इतर राज्ये त्याच वाटेने गेली. महाराष्ट्राने 2009 मध्ये कापूस बियाण्याचा पुरवठा आणि विक्री-किंमत नियंत्रित करणारा स्वतंत्र कायदाच केला.

माझ्या मते वादाची मुळी इथे आहे. शेतकऱ्याने किती द्यायचे हे सरकार ठरवू लागले आणि त्यातले परवाना कंपनीला किती जायचे हे खासगी करारावर राहिले. बियाणे कंपनी मधल्या फटीत आली. वरची किंमत तिच्या हातात नव्हती आणि खालची देणीही तिच्या हातात नव्हती. बीजोत्पादनाची मजुरी दरवर्षी वाढत होती. 2015 च्या वसंतात करार नव्याने झाला, पण सरकारने किंमत ठरवली तर ट्रेट व्हॅल्यूचे काय, या प्रश्नाचे दोघांनी दोन अर्थ लावले. बियाणे कंपनी म्हणाली, सरकारी दराप्रमाणे देऊ. परवाना कंपनी म्हणाली, कराराप्रमाणे द्या. बीजी-टूच्या पाकिटामागे तेव्हा सुमारे 163 रुपये आकारले जात होते. थकबाकीवरून 14 नोव्हेंबर 2015 रोजी परवाना रद्द करण्यात आला.

तिकडे शेतातले चित्रही बदलत होते. गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या कपाशीवर जगते आहे हे गुजरातच्या काही जिल्ह्यांबाबत तंत्रज्ञान कंपनीनेच 2010 मध्ये जाहीर केले. काही वर्षांत ती बीजी-टूवरही दिसू लागली. कारणे एकाहून अधिक होती. संकरित वाण लांब मुदतीचे, त्यात पाणी असलेला शेतकरी फरदड घेई, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून पुन्हा बोंडे घेई, आणि अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळे. बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी कडेने लावायला दिलेली असे, जेणेकरून प्रतिकार न शिकलेल्या अळ्या टिकाव्यात. ती बहुतेक शेतांत पेरलीच गेली नाही. दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे, पण दोन-तीन एकरांच्या माणसाने शेताचा एक भाग अळीला सोडून द्यावा हे कोणीतरी त्याच्या बांधावर बसून समजावायला हवे होते. पाकिटावरच्या बारीक अक्षरांतून ते होणार नव्हते.

ज्या गुणधर्माची किंमत भांडणात होती, त्याचा शेतातला उपयोगच घटत चालला होता, आणि करारातल्या आकड्यात त्याची कुठे दखल नव्हती.

कोणापुढे कोणते पर्याय होते

तंत्रज्ञान कंपनीसमोर पहिला पर्याय होता करारावरच राहण्याचा: थकबाकी लवादाकडे मागायची, हिशेब लावायचा, पेटंटला हात लावायचा नाही. या मार्गाने पैसे उशिरा मिळतात आणि समोरची कंपनी तोवर बियाणे विकत राहते. दुसरा होता वाटाघाटीचा, दर उतरवून तो पाकिटाच्या किमतीच्या टक्केवारीत बांधण्याचा. त्यात धोका असा की एकाला सवलत दिली की चाळीसहून अधिक परवानाधारक रांगेत उभे राहणार. तिसरा होता वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, 2001 याचा. या कायद्यात वाणाच्या जडणघडणीत ज्याचा वाटा आहे त्याला लाभाचा हिस्सा मागता येतो, पण तो किती हे प्राधिकरण ठरवते. शिवाय ब्रँडच्या नावाने न विकता आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्यात अबाधित राहतो. चौथा होता पेटंट आणि ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा दावा. यश आले तर विक्री तात्काळ थांबते. पण पेटंटच्या जोरावर दावा लावला की समोरचा कायद्याने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा लावू शकतो.

बियाणे कंपनीलाही वाटा होत्या. सरकारी दराने रक्कम न्यायालयात जमा करून व्यापार चालू ठेवणे ही एक. वर्चस्वाचा गैरवापर होतो म्हणून स्पर्धा आयोगाकडे जाणे ही दुसरी, आणि ती तिने चोखाळलीही. फेब्रुवारी 2016 मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. तिसरी वाट पेटंट कायद्याच्या कलम 84 खालच्या सक्तीच्या परवान्याची. पेटंट मिळून तीन वर्षे झाली की, शोध रास्त किमतीत उपलब्ध नाही असे दाखवून कोणीही परवाना मागू शकतो. मार्च 2012 मध्ये एका कर्करोगाच्या औषधावर भारताने असा परवाना दिलेला होता. बीजी-टूसाठी ही मुदत 2011 मध्येच पूर्ण झाली होती. या कलमाखाली पेटंट टिकते, धारकाला रॉयल्टी मिळते, आणि ती किती असावी यावर पुरावा घेऊन निर्णय होतो. भांडण किमतीचे असेल तर त्याला जुळणारे कलम हेच होते. चौथी वाट पेटंटच्या मुळावर घाव घालण्याची, म्हणजे कलम 3(जे) पुढे करण्याची.

सरकारकडेही एक हत्यार होते जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या पिढीचे जनुक पेटंटमुक्त होते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे ते सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत घालू शकत होती. सरळ वाणाची सरकी शेतकरी पुढच्या वर्षी घरची पेरू शकतो. असा एक प्रयत्न 2009 मध्ये बाजारात आला, पण त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळून तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर सरळ बीटी वाण यायला बरीच वर्षे गेली, आणि तोवर गुलाबी बोंडअळी त्या जनुकावर मात करून बसली होती.

काय केले गेले

फेब्रुवारी 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पेटंट आणि ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा दावा दाखल झाला. बियाणे कंपनीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा लावला. पाकिटामागच्या रुपयांचे भांडण आता ‘जनुकावर पेटंट असू शकते का’ या प्रश्नावर आले. दोन्ही बाजूंनी आपापली सर्वांत मोठी चीज पणाला लावली, आणि माझ्या वाचनात संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू आहे.

सरकार थांबून राहिले नाही. 7 डिसेंबर 2015 च्या केंद्रीय आदेशाने कापूस बियाण्याची किंमत देशभर नियंत्रणात आणली होती. मार्च 2016 मध्ये बीजी-टूच्या पाकिटाची कमाल किंमत 800 रुपये आणि त्यातली ट्रेट व्हॅल्यू करांसह 49 रुपये ठरली. म्हणजे खटल्याच्या पहिल्याच महिन्यांत ज्या आकड्यावरून भांडण पेटले तो सरकारने ठरवून टाकला. तिथे दोघांनी परत टेबलावर यायला जागा होती. मे 2016 मध्ये कृषी मंत्रालयाने परवान्यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली: मागणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही आणि रॉयल्टी विक्री-किमतीच्या दहा टक्क्यांवर जाणार नाही. आठवड्याच्या आत ती मागे घेऊन हरकतींसाठी मसुदा म्हणून ठेवली गेली. या मसुद्याचा हवाला देत तंत्रज्ञान कंपनीच्या बाजूने त्याच वर्षी तणनाशक-सहनशील कपाशीचा, म्हणजे पुढच्या पिढीचा, मंजुरीचा अर्ज काढून घेण्यात आला.

न्यायालयात तीन पायऱ्या झाल्या.

28 मार्च 2017 रोजी एकल न्यायमूर्तींनी पेटंटच्या वैधतेवर शेवटचा शब्द दिला नाही. हा प्रश्न तज्ज्ञांच्या साक्षी-पुराव्यांनी सुटेल असे म्हणत त्यांनी खटला चालेपर्यंत दोन्ही पक्षांनी कराराप्रमाणे वागावे, मात्र ट्रेट व्हॅल्यू सरकारी दराने द्यावी, असा आदेश दिला. तो वाचताना जाणवते की त्यात दोघांनाही जगण्यापुरती जागा होती: बियाणे विकले जाईल, रॉयल्टी मिळेल, शेतकऱ्याला किंमत ठरलेली राहील. दोघांनीही त्याविरुद्ध अपील केले.

11 एप्रिल 2018 रोजी खंडपीठाने साक्षी-पुरावे न घेता, दाखल कागदांवरच वैधतेचा प्रश्न निकाली काढला. अशा झटपट सुनावणीला दोन्ही पक्षांची संमती नेमकी किती होती, यावर पुढे वाद झाला. खंडपीठाचे म्हणणे असे: हा जनुक-क्रम वनस्पतीत गेल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. वनस्पतीत गेल्यावर तो संकराने, म्हणजे मूलतः जैविक प्रक्रियेने, पुढच्या बियाण्यात जातो. बियाणे आणि ही प्रक्रिया दोन्ही 3(जे) खाली वगळलेली आहेत. सबब पेटंट टिकत नाही. वाण संरक्षण कायद्याखाली नोंदणीसाठी तीन महिन्यांची मोकळीक कंपनीला देण्यात आली.

हा तर्क गावाकडच्या माणसालाही पटेल असा सरळ आहे. पण त्याच्या उलट बाजूलाही वजन आहे. प्रवर्तक, वहनाचा तुकडा आणि जीवाणूचे जनुक अशी साखळी कोणत्याही पऱ्हाटीत आपोआप तयार झालेली नाही, ती प्रयोगशाळेत जोडली गेली. ती ‘वनस्पतीचा भाग’ मानायची की वनस्पतीत बसवलेली माणसाची निर्मिती? प्रत्येक संकरित बियाण्यात ती जशीच्या तशी असते का? संकर करणारा तिची नक्कल करतो की निसर्ग करतो? रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आणि पैदासकार यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून, उलटतपासणी घेऊनच हे समजून घेता आले असते.

8 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालय नेमके हेच बोलले. तांत्रिक गुंतागुंत असलेल्या, तज्ज्ञ पुराव्यांची गरज असलेल्या दाव्याचा निकाल मनाई-अर्जाच्या टप्प्यावर झटपट लावणे योग्य नाही, असे म्हणत त्यांनी खंडपीठाचा निकाल रद्द केला, एकल न्यायमूर्तींचा आदेश पुन्हा लागू केला आणि खटला चालवण्यासाठी परत पाठवला. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ‘पेटंट वैध ठरले’ अशी बातमी आली. तसे झाले नव्हते. वैधतेचा निकाल लागलाच नव्हता, तो खालच्या न्यायालयात व्हायचा होता.

निष्पत्ती

नोव्हेंबर 2019 मध्ये पेटंटची वीस वर्षे संपली. मार्च 2021 मध्ये दोन्ही बाजूंनी सगळे वाद आपसात मिटवल्याचे जाहीर केले. अटी गोपनीय आहेत. खटल्यात वैधतेवर तज्ज्ञ साक्षींनंतरचा निकाल आला नाही.

ट्रेट व्हॅल्यू सरकारने टप्प्याटप्प्याने उतरवली: 2018 च्या हंगामात 39 रुपये, 2019 ला 20, आणि 2020 पासून शून्य. पाकिटाची किंमत 800 वरून 730 वर आली. हिशेब मांडला तर रॉयल्टी 49 रुपयांनी गेली आणि पाकीट 70 रुपयांनी स्वस्त झाले. एकराला 70 रुपये. एवढ्या पैशात एक फवारणीही होत नाही. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ज्या तंत्राने फवारण्या कमी होणार होत्या, त्याच्या किमतीचा वाद दिल्लीत चालू असताना विदर्भात पाठीवरचे पंप पुन्हा वाढले होते. हे लिहिताना मला एकल न्यायमूर्तींच्या त्या आदेशाची आठवण येते. तो स्वीकारून दोन्ही कंपन्यांनी वाचलेली शक्ती बोंडअळीच्या प्रतिकार-व्यवस्थापनाकडे लावली असती तर निदान बिगर-बीटी सरकी त्याच पिशवीत मिसळून देण्याचे काम लवकर झाले असते.

आणि मागे घेतलेले तणनाशक-सहनशील तंत्र? ते आलेच, पण मागच्या दाराने. विदर्भात त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. बिनपावतीची, बिनचाचणीची, हमी नसलेली पाकिटे हातोहात विकली गेली. निंदणीला मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकऱ्याने ती घेतली. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणे उघडपणे पेरले आणि तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली. गुन्हेही नोंदले गेले. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करायची, याचे उत्तर या पाकिटावर नसते.

काय वेगळे करता आले असते

करार. 2004 चा असो की 2015 चा, ट्रेट व्हॅल्यू पाकिटामागे ठरावीक रुपयांत होती. राज्यांनी किमतीत हात घातल्यावर 2015 च्या नूतनीकरणात ती विक्री-किमतीच्या टक्केवारीत, आणि शेतातल्या परिणामकारकतेशी जोडून बांधायला हवी होती. एखाद्या जिल्ह्यात अळी जगते आहे असे संशोधन संस्थेने नोंदवले की तिथला दर आपोआप खाली. यामुळे जनुक टिकवण्यात परवाना कंपनीचाच थेट फायदा राहिला असता. ‘सरकारने दर ठरवला तर’ हे एक वाक्य दोन अर्थांना जागा न ठेवता लिहिले असते तर निम्मा वाद झालाच नसता.

दावा. तंत्रज्ञान कंपनीला तेव्हा पेटंटची जेमतेम पावणेचार वर्षे शिल्लक होती. आपल्याकडे पेटंटच्या खटल्याला लागणारा वेळ धरता, पुराव्यांवरचा निकाल त्या मुदतीत येणे अवघडच होते. थकबाकी लवादाकडे आणि पेटंट बाजूला, असे धरले असते तर पैशाचे भांडण पैशापुरते राहिले असते. बियाणे कंपनीच्या बाजूने पाहिले तर प्रतिदावा हे स्वाभाविक उत्तर होते, त्यात तिला दोष देता येत नाही. पण 2011 नंतरची चार वर्षे कलम 84 मोकळे होते. तो अर्ज झाला असता तर ‘रास्त किंमत म्हणजे किती’ या प्रश्नावर जाहीर पुरावा आला असता, आणि तो देशाला आजही उपयोगी पडला असता.

न्यायालय. पेटंट कायद्याच्या कलम 115 खाली न्यायालयाला वैज्ञानिक सल्लागार नेमता येतो. 2017 मध्ये वैधतेचा मुद्दा वेगळा काढून, सल्लागार नेमून, ठरावीक तारखांत तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या असत्या तर पेटंट जिवंत असतानाच निकाल येण्याची शक्यता होती. वाट उलट झाली: आधी घाईचा निकाल, मग तो रद्द, मग मुदत संपली. स्पर्धा आयोगाची बाजूही अशीच सुटली. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंटच्या परवान्यांच्या बाबतीत पेटंट कायदाच वरचढ असल्याचे सांगून आयोगाची चौकशी रद्द केली.

सरकार. किंमत-नियंत्रणाचा मला विरोध नाही. एकरी पेरणीचा खर्च हाताबाहेर जाऊ न देणे हे सरकारचे कामच आहे. पण एका हाताने दर उतरवताना दुसऱ्या हाताने नागपूर, अकोला, परभणी, धारवाड इथल्या पैदासकारांना पेटंटमुक्त जनुकावर आधारलेले, कमी मुदतीचे, दाट लागवडीचे सरळ वाण वेळेत द्यायला बळ द्यायला हवे होते. परवान्यांची तत्त्वेही आधी मसुदा, मग हरकती, मग अधिसूचना या क्रमाने आली असती तर पुढच्या पिढीचा अर्ज काढून घ्यायला तेवढे निमित्त मिळाले नसते.

आज हा प्रश्न दुसऱ्या पिकात उभा आहे. मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. जनुक कापणाऱ्या ज्या रेण्वीय ‘कात्री’ने हे संपादन होते तिची पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत आणि व्यापारी वापरासाठी त्यांच्याशी परवान्याची बोलणी करावी लागतात. संपादित भातात बाहेरचे जनुक नसते, फक्त आधीच्याच जनुकात छोटा बदल असतो. म्हणजे 214436 च्या खटल्यात जी साखळी निदान प्रयोगशाळेत जोडलेली म्हणून वेगळी दाखवता येत होती, तीही इथे नाही. कलम 3(जे) इथे कसे लागेल, पद्धतीवरचे पेटंट बियाण्यापर्यंत पोचते का, शेतकऱ्याने घरचे बी राखले तर काय, यांवर पुरावा तपासून दिलेला एकही निकाल आपल्याकडे नाही. परवान्याची बोलणी करणाऱ्यांनी दर पाकिटामागे ठरवायचा की किमतीच्या टक्क्यात, आणि सरकारी दर आला तर कोणाचे किती कमी होणार, एवढे दोन मुद्दे तरी बियाणे शेतात जाण्याआधी कागदावर आणावेत.